भाव असलेली बॅटरी, भाव नसलेली बॅटरी: सोसायटीच्या बागेतल्या मोडक्या यंत्रांचं प्रकरण

पुण्यातली सव्वाशे फ्लॅटची सोसायटी आहे, मधे लॉन, कडेने मेंदी आणि डुरांटाचं कुंपण, मागे कंपोस्टचे पिट, आणि पंपरूमला चिकटून एक बुटकी खोली जिला सगळे बागेची खोली म्हणतात. कमिटीत बागेचं काम माझ्याकडे, म्हणून ती खोली पण माझ्याकडे. हे प्रकरण त्या खोलीतल्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांचं आहे, जी वेळोवेळी घेतली, बंद पडली आणि "बघू नंतर" म्हणून तिथेच राहिली. सविस्तर लिहितेय कारण "ई-कचरा योग्य ठिकाणी द्या" हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण योग्य ठिकाण म्हणजे कुठलं, तिथे कोण काय घेतं, कोण नको म्हणतं आणि द्यायच्या आधी आपण काय करायचं हे एका जागी मिळत नाही.

खोलीत काय काय होतं ते आधी सांगते. पाठीवर घ्यायचे दोन फवारणी पंप, 16 लिटरचे, ज्यात खाली 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड म्हणजे शिशाची बॅटरी असते. कुंपण छाटायचा एक कॉर्डलेस हेज ट्रिमर, चांगल्या ब्रँडचा, त्याचे दोन लिथियम पॅक. ऑनलाइन घेतलेला एक स्वस्तातला ग्रास कटर आणि त्याचेही दोन पॅक. पानं उडवायचा ब्लोअर. फार जुनी, हातात धरून गवत कापायची कात्री, जिच्या आत निकेल-कॅडमियमचे सेल आहेत. अर्धं पोतं भरून सोलरचे बागेतले दिवे, काही पिचलेले काही नुसतेच मंद झालेले. आणि चार्जरचा गुंता, कुठला कशाचा हे कोणालाच माहीत नाही.

विषय निघाला फायर ऑडिटमुळे. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीला जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो, त्यासाठी एजन्सीचा माणूस फिरत होता, त्याने पंपरूम बघितली आणि जाता जाता ही खोली उघडायला लावली. आत कुबट वास, खताची पोती, किटकनाशकाच्या बाटल्या, आणि एका फळीवर हे सगळे पॅक एकमेकांवर ठेवलेले, त्यातल्या एकाचं प्लॅस्टिक उललेलं. तो म्हणाला मॅडम बाकी सगळं नंतर करा, हे आज इथून हलवा, भिंतीपलीकडे तुमचं इलेक्ट्रिक पॅनल आहे.

कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच उत्तर तयार होतं: भंगारवाल्याला बोलवा. आणि तो आलाही. आमच्या भागात वर्षानुवर्षं फिरणारा माणूस, सरळ आणि व्यवहाराला चोख. त्याने यंत्रं चाळली, आणि जे केलं त्यातच मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली मिळाली असं मी म्हणेन. फवारणी पंपातल्या दोन्ही काळ्या बॅटऱ्या त्याने उचलून आधी काट्यावर ठेवल्या. ब्लोअर आणि ग्रास कटर मोटरच्या तांब्यासाठी घ्यायला तयार झाला. चार्जरच्या वायरी घेतो म्हणाला. आणि लिथियमचे चारही पॅक पायाने बाजूला सारले. "हे नको ताई, हे पेटतं, याला भाव नाही."

म्हणजे शिशाच्या बॅटरीला भाव आहे म्हणून ती कोणीही घेऊन जातो, आणि लिथियमला आमच्या गल्लीत भाव नाही म्हणून कोणीच नेत नाही. पहिलीचा धोका ती सहज जाते यात आहे आणि दुसरीचा ती जातच नाही यात. दोघींसाठी वेगवेगळा रस्ता शोधावा लागणार हे त्या दिवशी स्पष्ट झालं, म्हणून मी त्याला सगळंच थांबवायला सांगितलं. कमिटीतल्या एका काकांना ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं दोन पैसे मिळतायत तर घ्या की, आणि ते स्वभावाने काटकसरी आहेत, सोसायटीचा पैसा जपतात, म्हणून त्यांना नीट समजावणं भाग होतं. त्यांना जे सांगितलं ते खाली येतंच.

उललेला पॅक

आधी तातडीचं. ग्रास कटरचे दोन पॅक, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात 88 व्हीएफ लिहिलेलं. हा आकडा व्होल्टेजचा नसतोच, अशा स्वस्त टूल्सवर 48 व्हीएफ, 88 व्हीएफ असं काहीही छापलेलं असतं आणि आत बहुतेक वेळा पाचच लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा साधा व्होल्टेज 3.6 आणि फुल चार्ज 4.2, म्हणजे पाचांचे 18 ते 21 व्होल्ट. मल्टिमीटर लावला तर चांगल्या पॅकवर वीसच्या आसपास आकडा आला, उललेल्यावर जेमतेम सात. सेलमागे अडीच व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम पॅक परत चार्जला लावायचा नसतो, आत तांबं विरघळून नको तिथे बसतं आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. या पॅकला शिवाय नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत होता, म्हणजे एखाद्या सेलमधून इलेक्ट्रोलाइट (आतलं द्रावण) बाहेर आलेलं. त्यातला लिथियमचा क्षार हवेतल्या ओलाव्याशी लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो घातक वायू आहे, म्हणून हुंगून बघत बसू नका, वास आला एवढं कळलं की पुरे.

एक गोष्ट इथेच सांगते कारण लोकांचा गोंधळ होतो. मोबाईलची बॅटरी चपटी पाकिटासारखी असते म्हणून ती फुगते आणि फुगलेली दिसते. टूल्सच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा स्टीलच्या नळीतले गोल सेल असतात, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, ते तसे फुगत नाहीत, ते वरच्या व्हेंटमधून (बारीक छिद्रातून) वायू सोडतात. त्यामुळे "फुगलेली नाहीये ना, मग ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही. वास, चिकटपणा, गंजलेली टोकं, उललेलं किंवा वितळलेलं प्लॅस्टिक, काही न करता कोमट लागणं, पाण्यात पडल्याचा इतिहास, हे बघायचं. आमचा पॅक पावसात लॉनवर राहिला होता असं माळीकाकांनी नंतर सांगितलं.

हातमोजे घालून तो उचलला, टोकांवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळला आणि एका मोठ्या मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत पुरला. कुंडी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली सावलीत, पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांपासून लांब. लोखंडी डबा नाही वापरायचा, आणि बंद झाकणाचा तर कुठलाच नाही. बाकीच्या तीन पॅकचीही टोकं झाकली आणि प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवला, कारण अर्ध्या चार्जचे दोन पॅक किंवा एक पॅक आणि एक खिळा एकमेकांना लागले तरी ठिणगी पुरते. वॉचमनना सांगून ठेवलं की धूर दिसला तर जवळ जायचं नाही, धुरात उभं राहायचं नाही, 101 लावायचा.

ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला की लिथियम बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की "मरते" आणि मग कचऱ्यात टाकता येते. कृपया करू नका. मिठाच्या पाण्यात आधी टोकं गंजतात, गंजली की डिस्चार्ज होणं अर्ध्यातच थांबतं, आतले सेल भरलेलेच राहतात, वर वायू सुटतो, आणि शेवटी बादलीभर दूषित पाणी उरतं जे कोणीतरी मोरीत ओततं. आणि कचऱ्यात तर ती तरीही टाकता येतच नाही. पुण्यात घरोघरचा सुका कचरा "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात, मग तो गाडीत दाबला जातो. दाबल्यावर पॅक चेपला की आग गाडीत लागते किंवा शेडमध्ये, आपण तेव्हा घरात पंख्याखाली असतो.

शिशाच्या बॅटऱ्या आणि काकांचा प्रश्न

आता काकांचा मुद्दा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला किलोवर भाव मिळतो. फवारणी पंपाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. ती भंगारातून एखाद्या नोंदणीकृत रीसायकलरकडे गेली तर उत्तमच, शिसं हे जगात सगळ्यात जास्त प्रमाणात परत वापरलं जाणाऱ्या धातूंपैकी आहे. पण भंगाराच्या साखळीत आपल्याला ते कळत नाही, आणि जिथे ते चोरून होतं तिथे काय होतं ते माहीत आहे: कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने केस फोडायची, अ‍ॅसिड गटारात, प्लेटा उघड्या भट्टीत. शिसं 327 अंशाला वितळतं, त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही, लोखंडी कढई आणि कोळसा पुरतो, म्हणूनच हा धंदा वस्तीच्या कडेला सुरू होऊ शकतो. धूर आणि धूळ जमिनीवर बसते आणि जमिनीजवळ कोण असतं तर रांगणारी, मातीत खेळणारी पोरं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची निर्धोक अशी पातळीच ठाऊक नाही. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने मांडलेला अंदाज असा की जगात दर तीनातल्या एका मुलाच्या रक्तात चिंता करावी इतकं शिसं आहे, साधारण 80 कोटी मुलं, आणि त्यातली सगळ्यात मोठी संख्या भारतात. शिशाच्या बॅटऱ्यांचं बेफिकीर रीसायकलिंग हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून त्यांनी सांगितलंय. काकांना मी हे वाचून दाखवलं, ते निवृत्त शिक्षक आहेत, ते म्हणाले मग मला पैसे नकोत पण पावती पाहिजे. मला त्यांचं हे फार आवडलं, आणि खरं सांगायचं तर पुढे सगळीकडे मी हाच निकष लावला, पैसे किती देतो यापेक्षा कागद काय देतो.

पण बॅटऱ्या मुळात मेल्या का हे बघितल्याशिवाय टाकायच्या नव्हत्या. फवारणी पंप बहुतेक वेळा बॅटरीमुळेच बंद पडतो, मोटर आणि डायफ्रॅम बरेच दिवस टिकतात. पावसाळ्यात फवारणी नसते, पंप अर्धवट उतरलेल्या चार्जवर चार महिने कोपऱ्यात, आणि शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो जो नंतर चार्ज करून निघत नाही. आमच्या दोन्ही बॅटऱ्या दहा व्होल्टच्याही खाली होत्या, चार्जरला लावल्या तर तासाभरात फुल दाखवायच्या आणि पाच मिनिटांत बसायच्या. म्हणजे गेल्या. पंप मात्र, एका गाडीच्या बॅटरीवर लावून बघितला तर एक झकास चालला, दुसऱ्याचा प्रेशर स्विच आणि टाकी दोन्ही गेलेली.

चालणाऱ्या पंपाचं काय करायचं यावर माळीकाका हळूच म्हणाले, "मॅडम, टाकणारच असाल तर मी गावी नेऊ का?" त्यांची बीड जिल्ह्यात थोडी जमीन आहे, कापूस आणि तूर. कोणाला उपयोगी पडणारी वस्तू कचरा होतच नाही, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, फक्त देताना नवीन बॅटरी घालून द्यायची असं ठरलं. बॅटरी घेताना दुकानदाराला जुन्या दोन्ही दिल्या, त्याने त्यांचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते केले आणि बिलावर "जुन्या बॅटऱ्या 2 नग परत घेतल्या" असं लिहून शिक्का दिला. हे तो मेहेरबानी म्हणून करत नाही. शिशाच्या बॅटऱ्यांसाठी 2001 पासून नियम होते की विक्रेत्याने जुनी परत घ्यायची, आणि ऑगस्ट 2022 मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले ज्यात शिसं, लिथियम, निकेल सगळंच आलं आणि गोळा करून रीसायकल करायची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर टाकली. गावाकडच्या वाचकांसाठी: कृषी सेवा केंद्रात बॅटरी बदलताना जुनी तिथेच द्या आणि बिलावर लिहून घ्या. 2024 मध्ये महाडीबीटी या राज्याच्या अनुदानाच्या पोर्टलवर कापूस आणि सोयाबीनवाल्यांसाठी शंभर टक्के अनुदानावर बॅटरीचे फवारणी पंप निघाले होते, त्या सगळ्या बॅटऱ्या काही वर्षांनी थकणार आहेत, तेव्हा हा प्रश्न आमच्या सोसायटीपेक्षा तिकडे कितीतरी मोठा असेल.

टाकीत राहिलेलं औषध

हा भाग ई-कचऱ्याच्या कुठल्याच सल्ल्यात मला सापडला नाही आणि मला तो बॅटरीइतकाच महत्त्वाचा वाटतो. फवारणी पंप हे नुसतं इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही, त्याच्या टाकीत, नळीत, लान्समध्ये (हातात धरायच्या दांडीत), गाळणीत औषध मुरलेलं असतं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी आम्ही आधी इमिडाक्लोप्रिड हे किटकनाशक वापरायचो, आता निंबोळी तेल, पण जुन्या टाकीला तो वास होताच. असा पंप तसाच दिला की तो उघडणाऱ्या माणसाचे हात त्यात जातात, आणि त्याला आत काय होतं ते कोणी सांगितलेलं नसतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले ते आपण सगळ्यांनी वाचलंय, ही औषधं अंगावर, श्वासात घेण्यासारखी नाहीत.

माळीकाकांनी मास्क आणि लांब हातमोजे घालून दोन्ही टाक्या तीन वेळा धुतल्या, दर वेळी थोडंच पाणी, झाकण लावून हलवून, आणि पंप चालवून नळीतूनही ते पाणी काढलं. ते धुवणाचं पाणी जिथे तेच औषध नेहमी मारलं जातं त्या शोभेच्या झाडांच्या बुडाशी पसरून टाकलं, गटारात नाही, कंपोस्टमध्ये नाही, कढीपत्ता-तुळशीजवळ तर नाहीच. टाकीवर मार्करने "आत किटकनाशक होते, 3 वेळा धुतले" असं लिहिलं. हे लिहिणं लोकांना उगाच वाटतं, पण पुढच्या माणसाला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे असं मला वाटतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या हा वेगळा विषय, 2016 च्या घनकचरा नियमांत त्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या दोन्ही घरगुती घातक कचऱ्यातच धरल्या होत्या.

यंत्रं, म्हणजे बॅटरी काढल्यावर उरतं ते

हे तुलनेने सोपं निघालं. 2022 च्या, पण 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत शंभरावर वस्तू आहेत, आणि त्यात गवत कापायची व बागकामाची अवजारं स्पष्ट लिहिलीयत, द्रव फवारायची यंत्रंसुद्धा. म्हणजे "टीव्ही-मोबाईल म्हणजे ई-कचरा, हे कुठे त्यात" असं जर कोणी म्हटलं तर यादी दाखवायची. एका सभासदाने विचारलं की मग सोसायटीला रिटर्न वगैरे भरावे लागतील का, तर नाही, आम्ही नियमातल्या मोठ्या ग्राहकांत येतच नाही, त्यासाठी वर्षात अशा किमान हजार वस्तू वापरात असाव्या लागतात.

हेज ट्रिमर खरं तर मोडलाच नव्हता. त्याचा एक पॅक कमी वेळ चालायचा एवढंच, आणि पातं बोथट झालेलं. पात्याला धार लावली, चांगला पॅक ठेवला, ट्रिमर परत कामाला लागला. ब्लोअरचा स्विच गेला होता, तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, तसाच स्विच मिळाला, तोही सुरू झाला. ग्रास कटर मात्र गेला, गिअर प्लॅस्टिकचा, झिजून गुळगुळीत, आणि सुटा भाग कुठेच मिळत नाही कारण विकणाऱ्याचं नावच कुठे नाही. सोलर दिव्यांपैकी बऱ्याच दिव्यांत नुसता 1.2 व्होल्टचा रीचार्जेबल सेल बदलला की काम झालं. असं करत करत टाकायच्या ढिगातून निम्मं कमी झालं, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त समाधान मला इथेच मिळालं.

लिथियम कोण घेणार

आता सगळ्यात लांबलेला भाग. टाकायला होते ग्रास कटरचे दोन पॅक, ट्रिमरचा एक थकलेला, कात्रीतले निकेल-कॅडमियमचे सेल आणि सोलर दिव्यांतले सुटे सेल. 2022 चा बॅटरी नियम ग्राहकाला सांगतो की बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नका आणि गोळा करणाऱ्या किंवा रीसायकल करणाऱ्याला द्या. जमिनीत पुरणं आणि जाळणं दोन्हीला बंदी. पाच किलोच्या आतली सीलबंद बॅटरी, जी गाडीसाठी किंवा उद्योगासाठी बनलेली नाही, ती नियमात पोर्टेबल गटात येते, म्हणजे आमचं सगळंच त्यात.

ट्रिमरच्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला आमच्याकडे असं काही नसतं, भंगारात द्या. त्याच्याशी वाद घातला नाही. मॅन्युअलवरच्या कस्टमर केअरला ईमेल केला, त्यात पॅकचा फोटो, मॉडेल नंबर, आणि एवढंच विचारलं की 2022 च्या बॅटरी नियमांखाली तुमचा इपीआर (बॅटरी परत गोळा करून रीसायकल करायची कंपनीची जबाबदारी) नोंदणी क्रमांक कोणता आणि पुण्यात तुमच्यासाठी बॅटरी कोण गोळा करतं. या दोन प्रश्नांवर उत्तर आलं, काउंटरवर जे कोणाला माहीत नव्हतं ते ऑफिसला माहीत होतं. तुम्हीही हेच विचारा, "बॅटरी घेता का" असं विचारलं की नाही म्हणणं सोपं असतं.

निनावी ग्रास कटरच्या पॅकसाठी विचारायला कोणीच नव्हतं, त्यामुळे रीसायकलर आपणच गाठायचा होता. इथे एक बारकावा कळला जो आधी माहीत असता तर बरेच फोन वाचले असते. ई-कचऱ्याची नोंदणी वेगळी आणि बॅटरीची वेगळी, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पोर्टलंही दोन वेगळी आहेत. पहिला जो ई-कचरावाला यायला तयार झाला तो यंत्रं घ्यायला नोंदणीकृत होता, लिथियमसाठी नव्हता, आणि तरीही "टाका गाडीत, बघतो" म्हणत होता. त्याला फक्त यंत्रं दिली. शिवाय "कलेक्शन सेंटर" अशी पाटी असणं म्हणजे काही नाही, 2022 च्या ई-कचरा नियमांत नोंदणी निर्माते, प्रोड्यूसर (माल बाजारात आणणारे), रिफर्बिशर (दुरुस्त करून परत वापरात आणणारे) आणि रीसायकलर यांचीच होते, त्यामुळे गोळा करणाऱ्याला विचारायचं की तुम्ही पुढे कोणत्या रीसायकलरला देता, त्याचं नाव सांगा, आणि ते नाव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत बघायचं. जो खरा असतो तो लगेच सांगतो.

हे इतकं का ताणलं तर भाव नाही म्हणतात तेव्हाही लिथियमचे सेल कुठेतरी जातातच. पॅक फोडून त्यातल्या त्यात बरे सेल काढले जातात आणि नवीन वेष्टण चढवून स्वस्त पॉवर बँकेत, खेळण्यात, टॉर्चमध्ये परत येतात. म्हणजे आमचा पावसात भिजलेला सेल कोणाच्या तरी उशाशी चार्जिंगला लागू शकतो. नीट रीसायकलरकडे पॅक आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग हवेशी संबंध येऊ न देता किंवा पाण्याखाली त्याचा चुरा करतात, तांबं-अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिक वेगळं होतं आणि जी काळी पूड उरते तिला ब्लॅक मास म्हणतात, तिच्यात लिथियम, ग्रॅफाइट आणि बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे निकेल-कोबाल्ट असतं. नियमाने पोर्टेबल बॅटरीतून 2024-25 मध्ये किमान 70 टक्के, पुढच्या वर्षी 80 आणि 2026-27 पासून 90 टक्के सामग्री परत मिळवायची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने अशा महत्त्वाच्या (क्रिटिकल) खनिजांच्या रीसायकलिंगसाठी 1500 कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे गल्लीत भाव नसला तरी त्या पॅकची किंमत शून्य नाहीये, ती फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही कारण एका घरातून निघणारं लिथियम फार थोडं असतं.

आणि अडलं पण तिथेच. बॅटरीची नोंदणी असलेला रीसायकलर मिळाला, पण एवढ्याशा वजनासाठी त्याची गाडी येईना. कुरिअर करा असं एकाने सुचवलं, पण खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांत मनाई आहे, आणि आपलं पार्सल कुठल्या मार्गाने जाईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून ते रद्द. शेवटी शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला की जुने पॉवर बँक, मोबाईल, लॅपटॉपच्या बॅटऱ्या, टूलचे पॅक काढून ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, एका रविवारी गेटवर घेऊ. लोकांनी इतकं आणलं की टेबल पुरेना. जे फुगलेलं किंवा उललेलं ते वेगळ्या वाळूच्या घमेल्यात, बाकीचं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, आणि सगळं दिवसभर सावलीत आणि मोकळ्या हवेत. दुसऱ्या दिवशी गाडी आली. उललेला पॅक कुंडीतल्या वाळूसकट दाखवला, त्यांनी तो त्यांच्या स्वतःच्या डब्यात घेतला, नगाप्रमाणे नाही पण प्रकाराप्रमाणे वजन करून पावती दिली: लिथियम इतके किलो, निकेल-कॅडमियम इतके. पावती काकांच्या फाइलमध्ये आहे. पैसे मिळाले नाहीत, आणि काकांनी विचारलेही नाहीत.

आता खरेदीला लावलेल्या अटी

पुढच्या सर्वसाधारण सभेत बागेच्या खरेदीसाठी थोड्या अटी मंजूर करून घेतल्या. सगळी कॉर्डलेस यंत्रं एकाच ब्रँडची, एकाच पॅकवर चालणारी, म्हणजे पॅक कमी लागतात आणि चार्जर एकच. बॅटरीवर, बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात इपीआर नोंदणी आणि फुली मारलेल्या कचरापेटीची खूण नसेल तर घ्यायचं नाही. सुटे भाग कुठे मिळतात ते विकणाऱ्याने सांगायचं. जुन्या चार्जरपैकी ज्यांची जोडी लागली त्यांना दोऱ्याने टॅग बांधले, बाकीचे यंत्रांबरोबर ई-कचऱ्यात गेले, कारण त्यातल्या बऱ्याच चार्जरची गोल पिन सारखीच असते, 21 व्होल्टचा चार्जर 12 व्होल्टच्या पंपात आरामात बसतो आणि मग काय होतं ते बघायला रात्री तिथे कोणी नसतं. चार्जिंग फक्त दिवसा, माळीकाका कामावर असताना, गेटजवळच्या ओट्यावर. पावसाळ्याआधी पंपाची बॅटरी फुल चार्ज करून ठेवायची आणि दर महिन्याला एकदा चार्जरला लावायची, ते काम वॉचमनच्या वहीत लिहिलंय.

जुन्या पंपाची तडकलेली टाकी अजून आमच्याकडेच आहे. धुतलेली असली तरी किटकनाशकाची म्हणून ई-कचरावाल्याने ती घेतली नाही, प्लॅस्टिकच्या भंगारात मला ती द्यायची नाही कारण तिचं पुढे काय बनेल सांगता येत नाही. कृषी औषधांच्या रिकाम्या डब्यांसाठी कंपनीकडून काही सोय आहे का ते विचारलंय, उत्तर आलं की इथे खाली लिहीन, आणि तुमच्यापैकी कोणी अशी टाकी नीट मार्गी लावली असेल तर कृपया कळवा.